पत्र्यावरचे भोवरे

मुलगी मला फौजदार म्हणते. म्हणू दे. घरात एक तरी फौजदार असावा लागतो, नाहीतर काय काय खपून जाईल याचा नेम नाही. म्हणून आमचे हे मागच्या खोलीत दिवा न लावता काम करायला लागले, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली.

काम म्हणजे ॲल्युमिनियमच्या पत्र्यावरची नक्षी. निवृत्त झाल्यावर हे मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकले. ड्रिल मशीन स्टँडला उभं बांधायचं, त्यात लाकडाची गोल कांडी बसवायची, तिच्या टोकाला घासायची पेस्ट. दांडा खाली ओढला की कांडी पत्र्यावर गरगर फिरते आणि रुपयाएवढा चकचकीत भोवरा उमटतो. पत्रा जरा सरकवून दुसरा भोवरा, पहिल्यावर अर्धा चढलेला. मग तिसरा. ओळींवर ओळी झाल्या की पत्रा माशाच्या खवल्यांसारखा दिसतो. मळमड्डीतल्या आमच्या गल्लीत निम्म्या देव्हाऱ्यांमागे यांचाच पत्रा आहे. शेजारच्या अक्का तर पाहुण्यांना देवाच्या आधी पत्रा दाखवतात.

पत्रा सरकवायला यांनी एका पट्टीला खाचा पाडल्यात. एक खाच, एक भोवरा. खाच बसली की बोटाला कळतं.

दिवा का लावत नाही विचारलं, तर म्हणाले, पत्रा चमकतो, डोळ्यांना त्रास होतो. बरं. मग मोबाईल बघणं बंद झालं, का तर कंटाळा आला. बरं. मग तयार पत्र्यावरून अंगठा फिरवत मला विचारायला लागले, कसा दिसतो म्हणून. हा माणूस आयुष्यात कधी मला माझं मत विचारणारा नव्हे! त्यात एकदा चटणी ताटाच्या बाहेर वाढून घेतली आणि वर मलाच म्हणाले, ताट कुठं सरकवलंस. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ म्हटलं, तर मला काय धाड भरलीय म्हणून अंगावर आले.

एवढ्यावर मी गप्प बसलेही असते. पण नात पहिलीत. मुलगी नोकरीला हुबळीला जाते, सकाळी लवकर निघते, म्हणून पोरीला शाळेत सोडायचं काम यांचं. स्कूटरवर पुढं तिला उभी करून हे सुभाष रोडच्या गर्दीतून जायचे. परत आले की आज ती वाटेत काय काय बोलली ते मला सांगायचे, आणि त्यावर त्यांचा सगळा दिवस निघायचा. मी रोज फाटकात उभी राहून स्कूटर वळेपर्यंत बघायचे. यांना दिसत नसेल तर ती पोर कुणाच्या भरवशावर उभी आहे?

मुलीला सांगितलं. तिनं मलाच मागच्या खोलीत नेऊन पत्रा दाखवला. डोळे गेलेल्या माणसाचं काम आहे का हे, आई? ओळी सुतासारख्या सरळ.

म्हणून एका रविवारी, खोलीत चांगला उजेड असताना, नातीचं काळं स्केचपेन घेतलं, नव्या कोऱ्या पत्र्याच्या मधोमध बोटभर अक्षरांत लिहिलं, ‘तुम्हाला दिसतं का?’ आणि पत्रा होता तिथं ठेवला. मग सुपात तांदूळ घेऊन त्या खोलीच्या दारात निवडायला बसले. हे बघतील, ओरडतील, हा काय वेडेपणा म्हणतील. खरं सांगते, त्या ओरडण्याची मी वाट बघत होते.

ओरडले नाहीत. पत्रा पट्टीला लावला, चिमटे आवळले, मशीन सुरू केलं. वरच्या ओळी कोऱ्या जागेत गेल्या. मग एका ओळीत माझी शिरोरेघ पुसली गेली. पुढच्या ओळीत अक्षरांची वरची अंगं गेली, मग खालची. हे गुणगुणत होते. शेवटी प्रश्नचिन्हाचं टिंब तेवढं उरलं, त्यावरही भोवरा बसला.

मशीन बंद झाल्यावर मी आत गेले.

“पत्र्यावर काय लिहिलं होतं?”

त्यांनी पत्र्यावरून अंगठा फिरवला. मग खाली मान घालून म्हणाले, बाजूचं दिसतं, समोर मधोमध तेवढं पुसल्यासारखं होतं. आणि मला धीर द्यायला म्हणून पुढं म्हणाले, “काळजी करू नकोस. शाळेचा रस्ता मला पाठ आहे.”

मला इतका राग आला, इतका राग आला, की रडूच फुटलं.

“आणि मध्ये येणारी माणसं? ती पण पाठ आहेत?”

मी हात पुढं केला. कशासाठी, हे त्यांना सांगावं लागलं नाही. खिशातून स्कूटरची किल्ली काढली, माझ्या हातावर ठेवायला गेले, आणि ती हाताच्या शेजारून पत्र्यावर पडली.