‘पुन्हा करते, सर’

शैला गेल्याचा फोन तिच्या भावाने पूर्णगडहून केला. हृदय बंद पडलं म्हणाला. माझ्या डोळ्यांसमोर मात्र तिची पाठ आली... ती दुखावली तेव्हा मी तिथेच होते.

आम्ही दोघी रत्नागिरीत एकाच सरांकडे जिम्नॅस्टिक्स शिकलो. पाय फाकवून बसताना अंग जमिनीला टेकलं नाही, तर सर पाठीवर बसायचे आणि दुसऱ्या मुलीने गुडघे दाबून धरायचे. शैलाचे गुडघे मी धरायचे. वेताचा फटका बसला की लगेच ‘पुन्हा करते, सर’ म्हणायची पद्धत होती. म्हणायला उशीर झाला तर दुसरा फटका. एकदा तिच्या पाठीत कटकन आवाज झाला. मी तो ऐकला आणि तरी गुडघे सोडले नाहीत, कारण पुढचा नंबर माझा होता. तीच पाठ घेऊन ती देशाकडून खेळली, पदकं आणली आणि पंचविशीच्या आत निवृत्त झाली. सत्कारात सर म्हणाले, "मारलं म्हणून घडली." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, याची आज लाज वाटते.

पुढे आम्ही दोघींनी मुलींचा वर्ग काढला. हॉलमध्ये छडी आणायची नाही, हा शैलाचाच नियम. पण एका संध्याकाळी तोल साधायच्या बीमवरून तिसऱ्यांदा पडलेल्या मुलीच्या तोंडात तिने अशी ठेवून दिली की पोरीचा ओठ फुटला. दुसऱ्या दिवशी मुलीची आई मासळीबाजारातून थेट हॉलवर आली. "आम्ही घरात पोरीला बोट लावत नाय. तू कोण गो?" असं म्हणून तिने सगळ्यांसमोर शैलाच्या कानाखाली आवाज काढला.

शैला ताठ उभी राहिली. म्हणाली, "पुन्हा करते, सर."

पुन्हा उगारलेला त्या बाईचा हात तसाच राहिला. मग तिनेच शैलाला धरून खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. शैला माझ्याकडे वळली. "नीलू, त्या दिवशी माझे गुडघे का नाही गं सोडलेस?" एवढ्या वर्षांत तिने पहिल्यांदाच विचारलं.

त्या दिवसापासून ती खुर्चीत दोन्ही तळहात मांड्यांखाली घेऊन, त्यांच्यावर बसून शिकवायची. कुणी पडलं की ती आणखी दाबून बसायची.

आता वर्ग मी एकटीच घेते. परवा शैलाचा मार खाल्लेली तीच मुलगी, आता चांगली मोठी झालेली, बीमवरून पडली आणि माझा हात उठला. तिने तोंड चुकवलं नाही. कोपऱ्यातली शैलाची खुर्ची ओढत आणली आणि माझ्यामागे ठेवली.

मी दोन्ही तळहात मांड्यांखाली घेऊन बसले.