झाकलेले आठशे बारा पत्ते

ऑफिसात तिला सगळे ‘फणकारा’ म्हणत, अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती. आरोग्य कार्डांच्या त्या ऑफिसात ती बाविसाव्या वर्षी लागली आणि आता सत्तावन्नाची झाली होती. तेवढ्या काळात भिंतींचे रंग बदलले, लिफ्ट दोनदा नवी आली, नऊ संचालक आले नि गेले. तळमजल्यावरचं मेनफ्रेम आणि ही बाई मात्र जागची हलली नाहीत.

मेनफ्रेम म्हणजे कपाटाएवढा, दणकट, जुन्या वळणाचा संगणक. शहरातल्या प्रत्येक माणसाचं कार्ड, पत्ता, आजार, औषधं, सगळं त्याच्या पोटात. त्यावरचे प्रोग्रॅम तिघांनी मिळून लिहिलेले. त्यातला एक वारला, एक मुलाकडे परदेशी गेला, उरली ही.

राग तिच्या नाकाच्या शेंड्यावर असायचा, पण तो उगाच नसायचा. एका उपसंचालकाने आपला पासवर्ड कागदावर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवला होता. हिने तो कागद काढला आणि जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये उभं राहून मोठ्याने वाचून दाखवला. पासवर्डात त्याच्या मेहुणीचं नाव होतं. पुढे वर्षभर तो तिच्याशी बोलला नाही, आणि तिचंही काही अडलं नाही.

सात वर्षांपूर्वी दवाखाने आणि औषधांची दुकानं नवनवीन संगणक घेऊन दारात उभी राहिली. त्यांना मेनफ्रेममधली माहिती तिथल्या तिथे हवी होती. तेव्हाचे संचालक सरळ तार जोडून मोकळे व्हायला निघाले होते. ही आडवी आली. अकरा महिने भांडली, बैठकांमधून उठून गेली, रजेवर जायची धमकी दिली, आणि शेवटी एक खास यंत्र घ्यायला लावलं. त्याला ऑफिसात पेटी म्हणत. मेनफ्रेम आणि बाहेरचं जग यांच्या मधोमध बसायचं, एवढंच त्या पेटीचं काम. कोणी माहिती मागितली की पेटी आधी विचारणारा खरा कोण ते तपासायची, त्याला काय बघायची मुभा आहे ते बघायची, मेनफ्रेमकडून आलेल्या नोंदीतलं बाकीचं सगळं कापून तेवढंच गुप्त लिपीत गुंडाळून पाठवायची, आणि कोणी काय विचारलं ते टिपून ठेवायची. गुप्त लिपीच्या किल्ल्या तिच्या पोटात सीलबंद. कोणी झाकण उचकटायला गेलं तर पेटी स्वतःच त्या किल्ल्या पुसून टाकणार.

या सगळ्यात एक नियम तिने स्वतः लिहिला होता. शहरात आठशे बारा माणसं अशी होती, ज्यांचा पत्ता कोर्टाच्या हुकमाने झाकलेला होता. बहुतेक नवऱ्याच्या मारापासून पळालेल्या बायका. काही साक्षीदार. पोटच्या मुलांपासून लपलेले एक म्हातारे गृहस्थ. मेनफ्रेमचे प्रोग्रॅम या हुकमांच्या कितीतरी आधीचे, ते बिचारे विचारेल त्याला अख्खी नोंद देऊन टाकायचे. पत्ता झाकायची ती पेटी. दवाखान्याला असो की दुकानाला, त्या आठशे बारांच्या पत्त्याची ओळ कोरी जायची.

त्या दिवशी सकाळी साडेदहाला खालच्या खिडकीवरच्या कारकुनाने एका बाईला वर पाठवलं. चाळिशीची, अंगाने बारीक, उजवं मनगट प्लास्टरमध्ये. शिवणकाम करते म्हणाली. उभ्याउभ्याच सांगायला लागली. तीन वर्षांपूर्वी तिने नवऱ्याचं घर सोडलं होतं. पत्ता फक्त तिघांना माहीत, कोर्टाला, कोर्टातल्या मदत कक्षाच्या बाईंना आणि या ऑफिसला. गेल्या आठवड्यात नवरा जिन्यात येऊन बसला होता. दार उघडलं तेव्हा त्याने हात धरून पिरगळला आणि वर म्हणाला, आता कुठेही जा, मला कळतंय.

“माझा पत्ता कोणी दिला?” शिंपीणबाईने विचारलं. आवाज चढला नव्हता, पण ती उत्तर घेतल्याशिवाय हलणार नाही हे दिसत होतं.

फणकाराला पेटीवर कोणी बोट दाखवलेलं खपायचं नाही. तिने कार्डाचा नंबर मागितला, पेटीतली टिपणं उघडली आणि पडदाच तिच्याकडे वळवला. गेल्या चार महिन्यांत तीन चौकशा, तिन्ही सरकारी दवाखान्यातून, तिन्ही वेळा पत्त्याची ओळ कोरी. म्हणाली, इथून काही गेलेलं नाही, इथे प्रत्येक प्रश्नाची नोंद असते, तुमच्याच कोणा नातेवाइकाने सांगितलं असेल. शिंपीणबाई म्हणाली, माझ्या आईलासुद्धा ठाऊक नाही. हे कार्ड मी दवाखान्यात दाखवते, नाहीतर महिन्याच्या महिन्याला ब्लडप्रेशरच्या गोळ्या घेताना दुकानात. बाकी कुठे काढतसुद्धा नाही.

“मग कुठे बोललात ते तुम्हीच आठवून बघा,” फणकारा म्हणाली.

शिंपीणबाईने एकवार तिच्याकडे बघितलं, डाव्या हाताने पिशवी खांद्याला लावली आणि जिना उतरली.

चहा आला, गार झाला. काहीतरी टोचत होतं. तिने पडद्यावरच्या त्या तीन ओळी पुन्हा वाचल्या. तीनही दवाखान्याच्या. आणि गोळ्या? महिन्याला एकदा म्हणजे चार महिन्यांत चार वेळा दुकानदाराने कार्ड तपासलं असणार. त्या चार नोंदी कुठे गेल्या? तिने स्वतःच्या कार्डाचा नंबर घालून सहा महिन्यांची टिपणं काढली. तिचे यजमान दर महिन्याला तिची थायरॉइडची गोळी आणायचे. सुरुवातीच्या दोन महिन्यांत दुकानाची नोंद होती. पुढचे चार महिने औषधांच्या दुकानाची एकही नाही. सगळं शहर एकदम ठणठणीत झालं असेल तरच हे शक्य होतं.

ती तळमजल्यावर गेली. यंत्रांच्या खोलीत गारठा असायचा, तिची शाल तिथे कायमची खिळ्याला टांगलेली. ती न घेताच पेटीच्या कपाटामागे वाकली, गुडघे टेकले, धुळीत हात घातला. मेनफ्रेमकडून एक पिवळी तार निघाली होती आणि पेटीला वळसा घालून थेट औषधांच्या दुकानांच्या जोडणीत शिरली होती. तारेला कागदाची चिठ्ठी बांधलेली: ‘तात्पुरती’.

नेटवर्कचं काम बघणारा एक पोक्त माणूस होता, त्याला सगळे तारवाला म्हणत. तिने त्याला बोलावून घेतलं आणि नुसतं तारेकडे बोट केलं. तारवाला आपल्या चपलांकडे बघत बोलायला लागला. हळूहळू सगळं बाहेर आलं. पेटीला एकेका चौकशीला तीन सेकंद लागत होते. दुकानदार कुरकुरत होते. साहेबांनी, म्हणजे आताच्या संचालकांनी, वरच्या खात्याला एका सेकंदाचा शब्द दिला होता. चार महिन्यांपूर्वी एका रविवारी कंत्राटदाराची माणसं येऊन ही तार टाकून गेली. दोन दिवसांसाठी म्हणाले होते.

“तुम्हाला सांगू नका म्हणाले,” तारवाला म्हणाला. “तुम्ही उगाच तमाशा कराल म्हणून.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या बाईला आपण काय ऐकवलं ते तिला अक्षरन्‌अक्षर आठवलं, आणि तिने तार उपटली. एकदाच ओढली, खटकन निघाली. शहरातल्या दोनशे औषधांच्या दुकानांचे पडदे जागच्या जागी थिजले. मग तिने तारवाल्याला शेजारी उभं केलं आणि एकेक जोडणी पेटीतून परत लावायला घेतली. तो मुकाट्याने हाताखाली तारा देत होता. वीस मिनिटांनी दुकानं पुन्हा सुरू झाली, तीन सेकंद लावून का होईना.

तेवढ्या वीस मिनिटांत साहेब तीन मजले उतरून आले होते. धाप लागलेली. आधी ओरडले, मग दाराबाहेर माणसं जमलेली बघून आवाज खाली आणला. सारवासारव सुरू झाली. झालं ते झालं, कंत्राटदाराकडून यादी मागवू, कुठल्या दुकानातून कोणी काय पाहिलं ते कळेल, पण हे या खोलीबाहेर जायला नको. आठशे माणसं उगाच घाबरतील.

“घाबरायलाच हवं त्यांनी,” ती म्हणाली. “आज रात्री ती माणसं त्याच घरांत झोपणार आहेत.”

साहेबांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. संध्याकाळच्या आत तिच्या टेबलावर लेखी हुकूम आला: बाहेरच्या कोणाशीही या विषयावर बोलू नये. तिने तो घडी घालून पर्समध्ये टाकला.

घरी यजमान खिडकीपाशी एक मनगटी घड्याळ उघडून बसले होते. दुकान बंद करून चार वर्षं झाली तरी ओळखीची माणसं त्यांच्याकडेच घड्याळं आणायची. तिने पर्स आपटली आणि तोंडाचा पट्टा सोडला. साहेब, कंत्राटदार, तारवाला, वरचं खातं, कोणी सुटलं नाही. यजमानांनी भिंग डोळ्यावरून काढलं आणि सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाले, “अगं, पण त्या बाईला तू काय म्हणालीस, ते नाही सांगितलंस.”

ते सांगायला तिला बराच वेळ लागला. सांगून झाल्यावर यजमानांनी दुसरं काही विचारलं नाही. निवृत्तीला सहा महिने राहिलेत, याची आठवण त्यांनी करून दिली नाही, आणि त्याबद्दल तिने मनातल्या मनात त्यांचे उपकार मानले.

शिंपीणबाईला गाठायचं कसं हा प्रश्न होता. मेनफ्रेमवर नंबर टाकला असता तर पत्ता समोर आला असता, तिच्याकडे तेवढा अधिकार होता. पण बोटं त्या कळांवर जाईनात. तिने कोर्टातल्या मदत कक्षात जाऊन तिथल्या बाईंपाशी निरोप ठेवला आणि रजा टाकून दोन दिवस तिथल्या लाकडी बाकावर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी शिंपीणबाई आली.

फणकाराने आडपडदा ठेवला नाही. पत्ता आमच्याकडूनच गेला, म्हणाली, चार महिने जात होता, तुम्ही आलात तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं, पण मी तपास न करता बोलले.

शिंपीणबाईने पिशवी बाकावर ठेवली. मग तिच्या गालावर लाल डाग उमटले.

“आठवून बघा म्हणालात ना? मी चार रात्री तेच आठवत होते,” ती म्हणाली. “शेजारणीशी बोलणं टाकलं. ज्या बाईंनी मला खोली मिळवून दिली, त्या आत बसल्यात बघा, त्यांच्यावर मी आळ घेतला. त्यांच्या तोंडावर.”

फणकाराने सही केलेला कागद पुढे केला. तार कधी टाकली, कोणी सांगितल्यावरून टाकली, कधी काढली, सगळं त्यात तारीखवार लिहिलेलं होतं. शिंपीणबाईने तो डाव्या हातात घेतला, वाचला आणि आत निघून गेली. आभार मानले नाहीत. मानले असते तर फणकाराला तिथे बसवलं नसतं.

त्याच आठवड्यात हुकूम मोडला म्हणून तिला निलंबित केलं. पण कागद कोर्टात पोचला होता आणि आता तो कोणाला गिळता येईना. कंत्राटदाराकडून यादी आली. नवऱ्याचा चुलतभाऊ एका औषधांच्या दुकानात कामाला होता. त्याने नाव टाकून पत्ता काढून दिला होता. पडद्यावर अख्खी नोंद आयतीच समोर येत होती, कष्ट असे काहीच नव्हते. दोघंही आत गेले. आठशे बारा घरांना पत्रं गेली, आणि त्यातल्या साठ-पासष्ट माणसांना पुन्हा बाडबिस्तरा उचलावा लागला. ते म्हातारे गृहस्थ म्हणे पत्र वाचून दवाखान्यातच भरती झाले.

चौकशी सात महिने चालली. साहेबांच्या वकिलाने तिला विचारलं, रोजची टिपणं बघायचं काम तुमचंच होतं ना? चार महिने दुकानांच्या नोंदी येत नव्हत्या, ते तुमच्या ध्यानात कसं आलं नाही?

“चौकशा कमी झाल्यात एवढं दिसलं होतं,” ती म्हणाली. “मला वाटलं, बरं झालं, पेटीवरचा भार उतरला. ती माझी चूक. लिहून घ्या. पण तार मी टाकली नव्हती. तेही लिहून घ्या.”

चौकशी संपायच्या आधीच तिची निवृत्तीची तारीख येऊन गेली. निरोप समारंभ झाला नाही. तारवाला एका संध्याकाळी तिची ती शाल घेऊन घरी आला आणि दारातूनच परत गेला. निकालात तिला ताकीद मिळाली आणि साहेबांना ‘देखरेखीत ढिलाई’ अशा दोन शब्दांवर सोडलं. त्यांची बदली झाली, त्याच हुद्द्यावर, दुसऱ्या खात्यात. ते वाचलं तेव्हा तिने पेपर टराटरा फाडला, आणि यजमानांना दुसरा पेपर आणायला खाली जावं लागलं.

शिंपीणबाईचं मनगट जरा वाकडंच जुळलं. बारीक काम तिला आता जमत नाही, पडदे आणि उशांचे अभ्रे शिवते, असं मदत कक्षातल्या बाईंकडून कळलं. कुठे राहते ते फणकाराने विचारलं नाही.

साहेब गेले त्या खात्यातही एक जुनं मेनफ्रेम आहे. दर महिन्याच्या एक तारखेला ती त्या खात्याला रजिस्टर पत्र धाडते. मजकूर दर वेळी तोच: तुमच्या यंत्रातून बाहेर जाणारी प्रत्येक जोडणी तपासणीतून जाते का, आणि ती शेवटची कोणी, कधी, गुडघे टेकून पाहिली? आजवर चौदा पत्रं गेली. उत्तर एकाचंही नाही. पोस्टातली बाई आता तिला बघताच पावती काढून ठेवते. परवा तिने विचारलं, आजी, अजून किती पाठवणार? फणकाराने पाकिटाला तिकीट चिकटवलं, मुठीने दाबलं आणि म्हणाली की ते त्या खात्याला विचारा.