थोरल्या भावाचा पास

भाजल्यावर लावायच्या मलमाचा वास परवा वरसे गावातल्या दवाखान्यात आला आणि रोह्याच्या इस्पितळातली ती दुपार आठवली.

आम्ही एजन्सीमार्फत कंपनीत होतो. कुणी कायम होऊ नये म्हणून एजन्सी प्रत्येकाला अधूनमधून सक्तीचा ब्रेक देई. खांब गावचा अनंता ब्रेकमध्ये थोरल्या भावाच्या गेटपासवर कामाला आला आणि त्याच्या उजव्या हातावर ॲसिड उडालं. खरं नाव कळतं, तर दोन्ही भावांचं काम जातं. त्याची बायको धावत आली, तेव्हा मी तिला दारातच सांगितलं, "वहिनी, आत तुमचा नवरा नाय, थोरले दीर हायत."

एजन्सीचा सुपरवायझर खाटेजवळ होता. तो माणसं पासवरूनच ओळखे.

"कोण हे तुमचे?"

"मोठे दीर."

"मग यांची घरवाली कुठंय?"

"शेतावर हाय. येल मागून."

तिने डोक्यावर पदर ओढला. अनंताने पाणी मागितलं. थोरल्या दिराला हात लावायची गावात रीत नव्हती. तिने पेला स्टुलावर ठेवला आणि ती मागे सरकली. अनंताने तो डाव्या हाताने उचलला. निम्मं पाणी छातीवर सांडलं.

दोघांचं काम वाचलं, याचंच तेव्हा मला समाधान होतं. तो पेला मी त्याच्या ओठांना लावू शकलो असतो. मला कुठलीच रीत आडवी येत नव्हती. मी सुपरवायझरच्या चेहऱ्याकडे बघत होतो.