सातवं मडकं

आमच्या घरात देव नव्हते, त्यामुळे भुतंही नव्हती. छप्पन साली वडिलांनी देव्हारा उचलून नदीत सोडला, तेव्हा मी चार वर्षांचा होतो. त्यानंतर ताप आला की दवाखाना, आणि कुणी अंगाऱ्याचं नाव काढलं की वडिलांचा आवाज चढायचा. पुढे मी केमिस्ट झालो, ऊर्जानगरला वीज केंद्राच्या प्रयोगशाळेत लागलो. बॉयलरच्या पाण्यात क्षार किती, हे दिवसभर तपासायचं. म्हणजे पाणी हाच माझा धंदा. कॉलनीत विज्ञान मंडळ चालवायचो, स्कूटरला लिंबू-मिरची बांधणाऱ्या शेजाऱ्याशी भांडायचो. तुमच्या मासिकाच्या मागच्या अंकात एका वाचकाने लिहिलं की टीव्हीवर असल्या भंपक दाव्यांच्या चाचण्या घेऊच नयेत, त्याने त्यांना उगाच मोठेपणा मिळतो. ते वाचलं आणि राहवेना... म्हणून लिहितोय.

शहाऐंशी-सत्त्याऐंशीचा उन्हाळा असावा. टीव्हीवर विज्ञानाचा एक कार्यक्रम लागायचा, त्यात कुणी डोळे बांधून वाचणारा, कुणी हात लावून आजार ओळखणारा आणून त्याची परीक्षा घ्यायचे. आम्ही कॉलनीच्या क्लबात बसून तो पाहायचो, आणि माणूस नापास झाला की मी सगळ्यात मोठ्याने टाळ्या वाजवायचो. एकदा मामाजी डोळे तपासून घ्यायला म्हणून माझ्या घरी उतरले होते, तेही सोबत बसले. कार्यक्रम संपल्यावर हळूच म्हणाले, "हे लोक माही परीक्षा घेतीन का?"

मामाजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे सासरे. बहिणीला आम्ही बाई म्हणतो, आणि बाईचे मामाजी म्हणून माझेही मामाजी. नाव डोमाजी. गाव पोंभुर्ण्याच्या अलीकडे, डांबरी रस्ता सोडून डाव्या हाताला सागाच्या जंगलातून दीड-दोन कोस. मामाजी पाणी पाहायचे. देशावर पाणाड्या म्हणतात, तेच. जांभळीची बेचक्यासारखी डहाळी दोन्ही मुठींत धरून चालायचे, आणि ती खाली वळली की म्हणायचे, इथं खणा. गंमत अशी की मामाजी आमच्यासारखेच बौद्ध. नारळ नाही, मंत्र नाही, काही नाही. मी चिडवायचो तर तेच हैराण व्हायचे. म्हणायचे, "मी काई मानत नाई बाबू. पर काडी फिरते, त्याले मी काय करू?"

त्याआधी चार-पाच वर्षं त्यांनी दाखवलेल्या जागी वस्तीने दोन उन्हाळे विहीर खणली होती. खाली काळा दगड लागला, पाण्याचा थेंब नाही. कुणी त्यांना बोललं नाही, पण मामाजींनी तेव्हापासून काडी आढ्याला खोचून ठेवली ती ठेवलीच. आता वस्तीला एक बोअर मंजूर झाली होती. एकच. सरकारी भूजलवाल्या साहेबांनी शाळेजवळ चुन्याची फुली मारून ठेवली होती, तरी लोक मामाजींच्या मागे लागले होते की तुम्ही एकदा पाहा. बाई आणि वस्तीतल्या बाया तेव्हा नाल्याच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यातून वाटीवाटीने पाणी उपसून गुंड, म्हणजे घागरी, भरायच्या, एका गुंडाला पाऊण तास. जागा चुकली तर पुढची किती वर्षं तेच. मामाजींना परीक्षा हवी होती ती याच्यासाठी. पास झालो तर जागा दाखवीन, नापास झालो तर तोंड बंद ठेवीन, असं त्यांनी मला सांगितलं.

मी लगोलग पत्र लिहिलं. खरं सांगतो, मामाजी नापास होणार याची मला खात्री होती, आणि आपलं विज्ञान मंडळ टीव्हीवर दिसेल याचा आनंदही होता.

तयारी माझ्याकडे होती. टीव्हीवाल्यांनी कळवलं होतं की बंद भांडी पुरा, काहींत पाणी, काहींत दुसरं काही. मी म्हटलं, धातूचं भांडं नको, उद्या कुणी म्हणेल लोखंडाने काडी ओढली. म्हणून कुंभाराकडून दहा नवी मडकी आणली. मामाजींच्या धानाच्या रिकाम्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, दहा-दहा पावलांवर खड्डे केले. पाच मडक्यांत नाल्याचं पाणी, पाचांत कोरडी वाळू. प्रत्येकावर झाकण, त्यावर माझ्या सहीची चिठ्ठी, वरून लाखेचं सील, मग माती आणि नंबराची काठी. हे सगळं एकट्याने, मामाजींना दुसऱ्या गावी पाठवून. बाई फक्त लांबून पाहत होती. ती म्हणाली, नवं मडकं आधी भिजवून ठेवावं लागते रे, ते पाणी पिते. मी हसलो. इतक्या मोठ्या प्रयोगात ही स्वयंपाकघरातलं सांगते!

टीव्हीवाले दुसऱ्या दिवशी येणार होते. त्यांची गाडी मूलकडे कुठेतरी बिघडली आणि ते चौथ्या दिवशी दुपारी उगवले. मडकी पुन्हा उघडून पाहायचा विचारही माझ्या मनात आला नाही. सील केलं म्हणजे केलं!

ऊन रणरणत होतं. सगळी वस्ती बांधावर उभी होती. मामाजींनी धुतलेलं धोतर नेसलं होतं, हातात जांभळीची ताजी डहाळी होती. एक ते सहा, काहीच नाही. सातव्या काठीजवळ डहाळी अशी वळली की तिची साल मामाजींच्या मुठीत सोलून निघाली. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो, मुद्दाम मनगटांकडे पाहत होतो. मनगटं हललेली मला दिसली नाहीत. पुढे आठ, नऊ, दहा... पुन्हा शांत.

मामाजी कॅमेऱ्याकडे न पाहता माझ्याकडे पाहून म्हणाले, "सातव्या मडक्यात पानी हाय. बाकी सारे कोरडे."

कुठल्या मडक्यात काय, हे लिहून मी बंद केलेला लिफाफा सूत्रसंचालक बाईंनी फोडला. पाणी दोन, तीन, पाच, आठ आणि दहामध्ये. सातमध्ये वाळू. दहापैकी चार बरोबर, नाणं उडवलं असतं तरी पाच आले असते, असं त्या कॅमेऱ्याकडे हसून म्हणाल्या. उजेड उतरत होता, त्यांना रात्रीच्या आत नागपूर गाठायचं होतं. मडकी न उघडताच अर्ध्या तासात गाडी धुरळा उडवत गेली. मामाजींनी काडी मोडून बांधावर टाकली आणि वस्तीला सांगितलं की साहेबाच्या फुलीवरच बोअर मारा, माझ्या हातात काही नाही. त्या वेळी मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई म्हणाली, मडकी फुकट कशाला घालवायची, काढून दे. आम्ही दोघं बांधीत गेलो. दोन नंबरचं उघडलं... रिकामं. तीन, रिकामं. पाच, आठ, दहा, सगळी रिकामी, तळाला नुसता ओला डाग. मेच्या तापलेल्या जमिनीने नव्या मडक्यांतून चार दिवसांत सगळं पाणी पिऊन टाकलं होतं. बाई मडकं भिजवण्याचं पुन्हा न काढता रिकामी मडकी बांधावर नेऊन ठेवायला लागली, तेवढी दया तिने दाखवली. मला मात्र हसू फुटलं. अरे बापा, म्हणजे मामाजी नऊच्या नऊ मडक्यांबद्दल बरोबर होते! नापास मी झालो होतो.

मग सातवं काढलं. ते उचलेना. लाख शाबूत, चिठ्ठीवर माझी सही शाबूत. झाकण काढलं तर वाळूवर दोन बोटं पाणी उभं.

"तूच टाकलं असन," बाई म्हणाली. मी टाकलं नव्हतं. सहाव्यात आणि सातव्यात वाळूच होती, ती मी माझ्या हाताने भरली होती. आठव्यातलं पाणी झिरपत आलं म्हणावं तर मधली दहा पावलं माती भाजल्यासारखी कोरडी, आणि मडक्याच्या बाहेरून हात लावला तर तेही कोरडं. मी ते पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत नेलं. नाल्याच्या पाण्याच्या जवळपास चौपट हार्डनेस! वाळूतले क्षार उतरले असतील म्हणून तीच वाळू नाल्याच्या पाण्यात चार दिवस भिजवून पाहिली. आकडा जुळला नाही. खोल दगडातलं पाणी असतं, तसं ते होतं.

टीव्हीवाल्यांना मी सगळं कळवलं. त्यांचं उत्तर आलं, सभ्य होतं. चाचणी जशी झाली तशीच दाखवावी लागेल. मग मी गाव गाठलं. बोअरची गाडी दोन दिवसांत येणार होती. मी मामाजींना म्हटलं की तुम्ही पास आहात, सात नंबरच्या जागी बोअर मारायला सांगा.

त्यांनी मला जवळ बसवलं. मग विचारलं, "काडी काऊन फिरते, ते सांग मले."

"मला माहीत नाही, मामाजी."

"मंग मी कसा सांगू? तुले इतका भरोसा असन तर तू लिहून दे. तुह्या नावानं."

मी लिहून दिलं! विज्ञान मंडळाचा सचिव, केमिस्ट, अमुक तमुक, पाण्याच्या तपासणीवरून ही जागा योग्य वाटते, खाली सही. दोन बाटल्यांच्या आकड्यांवर जमिनीखालचं सांगितलं. एखाद्या पाणाड्यानेही इतकं धाडस केलं नसतं. साहेबाच्या चुन्याच्या फुलीपेक्षा वस्तीला माझी सही मोठी वाटली.

सातव्या जागी मशीन लागलं. पन्नास फूट, शंभर फूट, दोनशे फूट... पांढरी धूळ. सगळ्यांच्या अंगावर, भाकरीवर, गुंडांत धूळ. माझी मान वर होईना. गाडीवाले पाइप आवरायला लागले तेव्हा बाई रिकामा गुंड घेऊन गाडीपुढे जाऊन बसली. तिच्यामागे सगळ्या बाया बसल्या. पानी लागल्याशिवाय गाडी हलू देणार नाही, एवढंच ती म्हणत होती. दुपारभर त्या उठल्या नाहीत. शेवटी गाडीवाल्याने साहेबांची परवानगी आणवली आणि चुन्याच्या फुलीवर दुसरं भोक मारलं. नव्वद फुटांवर पाणी लागलं. तो हातपंप अजून चालतो. बाईने पहिला गुंड भरला तेव्हा ती रडत होती, आणि मीही.

संध्याकाळी मामाजी बांधावर बसले होते. मी जवळ जाऊन माफी मागितली, म्हटलं तुमच्या काडीच्या भरवशावर मी सगळ्यांना बुडवलं असतं. ते माझ्याकडे नवलाने पाहत राहिले.

"माह्या काडीचा काय दोष? तू इचारलं कोन्या मडक्यात पानी हाय. मी मडक्यातलं सांगतलं. जमिनीतलं तू इचारलंच कुठी?"

चाचण्या घ्याव्यात का? जरूर घ्याव्यात, टीव्हीवर घ्याव्यात, चारचौघांत घ्याव्यात. फक्त कॅमेरा बंद करायच्या आधी मडकी उघडा. आणि जेवढं विचारलं तेवढंच उत्तर मिळालं, हे लक्षात ठेवा. मी दोन्ही विसरलो होतो. भूजलवाले साहेब बरोबर होते, मामाजी बरोबर होते, एक मीच दोनदा चुकलो.

तो कार्यक्रम मामाजींनी आमच्या क्लबात बसून पाहिला. दहापैकी चार, हे ऐकून मिश्कील हसले. त्यानंतर जगले तोवर मी गावी गेलो की पाण्याचा तांब्या देता देता एकच विचारायचे, "का बाबू, सापडलं का काई?" मी नाही म्हणायचो. मग ते माझ्यापेक्षा जास्त हळहळायचे. सील माझं, सही माझी, वाळू मी भरलेली. पाणी कुठून आलं, हे मला आजही सांगता येत नाही.