कवड्याच्या वाडीतलं दुसरं माणूस

एकटं राहण्याचं छबुबाईला कधी भय वाटलं नव्हतं. चीड यायची ती कुणी त्यावर शहाणपण शिकवलं की. म्हणून वनखात्याची तेजश्री नावाची पोरगी मोटारसायकलवरून वाडीत आली, तिनं मारुतीच्या भिंतीला कागद चिकटवला आणि तो मोठ्यानं वाचून दाखवला, तेव्हा छबुबाईचं डोकं फिरलं. बिबट्या फिरतोय. एकट्यानं बाहेर पडू नका, दोघं-तिघं मिळून जा. वाटेनं मोठ्यानं बोलत चला. वाकून काम करायचं असेल तर एकानं उभं राहून लक्ष ठेवावं.

"अन् दुसरं माणूस कुठून आणू?" छबुबाई म्हणाली. "खात्याकडून मिळतंय का?"

तेजश्री हसली. मग तिनं गल्लीकडं पाहिलं. ओळीनं कुलपं दिसली, आणि तिचं हसू जागच्या जागी थांबलं.

कवड्याची वाडी म्हणजे लिंबागणेशच्या पलीकडं, डोंगराच्या पायथ्याला चाळीस उंबऱ्यांची वस्ती. दसरा झाला की साखर कारखान्यांचे ट्रॅक्टर यायचे आणि माणसं, लेकरं, कोंबड्या, पातेली असं सगळं भरून कोयत्याला, ऊसतोडीला न्यायचे, ते थेट गुढीपाडव्याला परत आणायचे. ही चाल जुनीच. पण अलीकडं काही घरं ऊस संपल्यावर पुण्याकडं वळली आणि तिकडचीच झाली. शाळेत दोन पोरं उरली, तेव्हा शाळाही बंद झाली. मग जनावरांनी हळूहळू चाचपून पाहिलं. आधी मोर अंगणात आले. मग रानडुकरांनी शाळेचं मैदान उकरून ठेवलं. एका सकाळी गहिनीनाथ म्हाताऱ्याच्या दारात रोही, नीलगाईचा दांडगा नर, उभा होता, पाहुण्यानं आत बोलवायची वाट बघावी तसा. वानरं तर पत्र्यांवरून अशी चालायची की घरपट्टी त्यांनीच भरलीय. आणि दिवाळीनंतर बिबट्यानं गहिनीनाथचं कुत्रं नेलं.

त्या हिवाळ्यात वाडीत चार माणसं उरली होती. गहिनीनाथ अंथरुणाला खिळलेला, त्याची बायको ठार बहिरी. तिसरी छबुबाई. आणि चौथी, भिंतीला भिंत लागून राहणारी तिची थोरली जाऊ, सावित्रीबाई. दोघी विधवा, दोघींच्या घरात दुसरं कुणी नाही. आणि दोघी अकरा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. जावा-जावा, उभा दावा म्हणतात तो असा.

छबुबाई नेकनूरची. सोळाव्या वर्षी वाडीत आली तेव्हा तिला डोंगर चढता येत नव्हता. मुरमावरून घसरायची आणि रडायची. सावित्रीनंच तिला डोक्यावर मोळी घेऊन उतारावर पाय कसा टाकायचा ते शिकवलं, पहिल्या बाळंतपणात रात्र-रात्र जागून काढली. छबू तिला आक्का म्हणायची. छबूचा नवरा सटवा तापानं गेला त्या दिवशी सगळं फिसकटलं. दोन्ही घरांना सुतक, दोन्ही चुली थंड. सकाळपासून छबूच्या घशात पाण्याचा थेंब नव्हता, आणि दुपारी तिनं पाहिलं की भिंतीपलीकडून धूर निघतोय. सावित्रीनं गुपचूप चहा करून नातवंडांना पाजला होता. हिला घोटभरसुद्धा नाही. सावित्रीचं म्हणणं, लेकरं भुकेनं कळवळली म्हणून केला, आणि जिचा नवरा अंगणात निजवलेला हाय तिला चहा घे म्हणून कुणी कसं विचारावं? दोघींचंही खरं होतं, म्हणून तर भांडण इतकं टिकलं.

तेजश्री गेल्यावर दोन दिवस छबुबाईनं रांजणातलं पाणी पुरवून वापरलं. नळाची मोटार चालवणारा माणूस कोयत्याला गेलेला, त्यामुळं पाणी बंधाऱ्यावरून आणायचं, आणि बंधारा गावाबाहेर. तिसऱ्या दिवशी रांजण खडखडीत. अडला हरी गाढवाचे पाय धरी, असं पुटपुटत तिनं कळशी घेतली, शेळी सोडली, आणि सावित्रीच्या दारासमोर उभं राहून शेळीला मोठ्यानं सांगितलं, "चल गं बाई, पाण्याला. एकटं जाऊ नका म्हणत्यात. आपल्याला कोण हाय? आपून दोघीच."

बऱ्याच वेळानं कडी वाजली. सावित्रीबाई कळशी घेऊन बाहेर आली, कुणाकडंही न बघता पुढं चालू लागली.

वाटेनं मोठ्यानं बोलायचं होतं आणि एकमेकींशी तर बोलायचं नव्हतं. तेव्हा छबुबाई शेळीशी बोले, आणि सावित्रीबाई मेलेल्या सासूशी. "काय शेळे, काई माणसांचे पाय लई दुखत्यात, तरी ताठा जात न्हाई," ही म्हणे. "आत्याबाई, तुमच्या धाकट्या सुनंला अजून भाकरी गोल येत न्हाई, वास येतोय करपल्याचा," ती म्हणे. लेकी बोले सुने लागे, दुसरं काय. बिबट्या आसपास असलाच तर त्यानंही कान झाकून घेतले असतील.

पण आठवड्याभरात छबुबाईच्या लक्षात आलं की ती सकाळची वाट बघते. उठल्याबरोबर वेणी घालते. आज शेळीला काय सांगायचं ते रात्रीच ठरवून ठेवते. आपल्याला बरं वाटतंय याची तिला लाज वाटली. लाज वाटली तरी बरंच वाटत राहिलं. वडवणीला दिलेली तिची लेक, सत्यशीला, दर रविवारी फोन करायची. तिला मात्र छबुबाईनं यातलं काही सांगितलं नाही.

मग ती सकाळ आली. ऊन चांगलं वर आलं होतं. सावित्रीबाई बंधाऱ्याच्या कडेला दगडावर वाकून गोधडी धूत होती. छबुबाई तिच्यापासून जरा लांब, कळशी घेऊन लक्ष ठेवत उभी होती. शेळी एकदम थबकली म्हणून छबुबाईनं वर पाहिलं. सावित्रीच्या पाठीमागं, पंधरा हातांवर, बेशरमाच्या झुडपात बिबट्या बसला होता. अंग जमिनीला चिकटलेलं, फक्त शेपटीचं टोक हलत होतं. तो त्या वाकलेल्या पाठीकडं बघत होता.

"उठा," छबुबाई म्हणाली. आवाज फुटला नाही. मग मोठ्यानं, "सावित्रीबाई, उठा. उभ्या राहा."

सावित्रीबाईनं ऐकलं. ऐकलं हे तिच्या पाठीवरून कळलं, कारण तिनं गोधडी अजून जोरात आपटली. धाकटीनं हुकूम सोडावा आणि थोरलीनं ऐकावं? अकरा वर्षांनी तोंड उघडलं ते हुकूम करायला? ती तशीच वाकून राहिली.

बिबट्याचे खांदे जरा वर आले.

"आक्का!" छबुबाई किंचाळली. "आक्के, उठ गं!"

त्या हाकेनं मात्र सावित्रीबाई ताठ उभी राहिली. तिनं आधी छबूच्या तोंडाकडं पाहिलं, मग मागं. छबुबाई दगडानं कळशी बडवत, शिव्या देत सरळ पुढं धावली. बिबट्यानं दोन म्हाताऱ्यांकडं पाहिलं, हिशेब जुळत नाही असं वाटल्यासारखा वळला आणि सावकाश बांध चढून गेला. गोधडी पाण्यात वाहून चालली होती. दोघी तिथंच ओल्यात बसल्या. कोण आधी रडलं आणि कोण आधी हसलं, ते दोघींनाही मागाहून सांगता आलं नसतं.

"कुणाला बोलू नको, छबे," सावित्रीबाई म्हणाली. "माझ्या हनुमानला कळलं तर तो मला पुण्याला घिऊन जाईल. चौथ्या माळ्यावर खोली हाय त्याची. तिथं मी मरून जाईन."

त्यानंतरचे सोळा दिवस छबुबाईच्या आयुष्यातले चांगले दिवस होते. एका चुलीवर दोघींची भाकरी होऊ लागली. सावित्रीनं तिच्या भाकरीला नावं ठेवली, हिनं तिच्या घोरण्याला. गहिनीनाथला दोघी मिळून अंघोळ घालत. बहिरी म्हातारीसुद्धा दारात येऊन बसू लागली. काही ऐकू येत नव्हतं, पण बोलणारी तोंडं बघायला मिळत होती.

सतराव्या दिवशी सावित्रीबाईचा मुलगा हनुमान पुण्याहून जीप घेऊन आला. त्याच्या फोनवर गावाकडच्या बिबट्याचा मेसेज फिरत आला होता. आल्या-आल्या त्यानं आईला विचारलं.

"अफवा हाय रे," सावित्रीबाई म्हणाली. "कुत्रं बघून लोक बिबट्या म्हणत्यात. आमी रोज पाण्याला जातो, कावून उगं भितोस?"

हनुमान छबुबाईकडं वळला. "काकू, तुमी सांगा. तुमी खोटं बोलणार न्हाईत. पाहिला का तुमी?"

सावित्रीबाई तिच्याकडं बघत होती. न्हाई, एवढंच म्हणायचं होतं. एक शब्द, आणि पाडव्यापर्यंत ही बाई आपली. कदाचित पुढचा पाडवाही. छबुबाईनं तोंड उघडलं, आणि तिला ती वाकलेली पाठ दिसली. गेले सोळा दिवस डोळे मिटले की तीच दिसायची. उभं राहून लक्ष ठेवणारं माणूस एकच होतं, आणि ते त्रेसष्ट वर्षांचं. उद्या नेमकी शिंक आली तर? शेळीकडं मान वळली तर?

"पाहिला," ती म्हणाली. "तुझ्या आईच्या पाठीमागं. पंधरा हातांवर."

हनुमान आत जाऊन आईच्या साड्या पिशवीत भरायला लागला. मध्येच म्हणाला, "काकू, तुमीबी चला की." छबुबाई म्हणाली, "शेळी हाय." त्यानं परत विचारलं नाही.

सावित्रीबाई एकदाही रडली नाही. जीपमध्ये बसल्यावर तिनं काच खाली केली. छबुबाई जवळ गेली. तिला वाटलं, हात पुढं करेल.

"घेतलास सूड," सावित्रीबाई म्हणाली. "गोड बोलून माझं घर मोडलंस. झालं समाधान?"

"आक्का, तसं न्हाई गं..."

काच वर गेली. तुझ्यावाचून मला इथं करमणार नाही, तरी तू जगावीस म्हणूनच तुला धाडतेय, हे सांगायला शब्द लागतात, आणि तसले शब्द त्या घरात कुणीच कुणाला कधी बोललं नव्हतं. जीप ओढा ओलांडून लिंबागणेशच्या रस्त्याला लागली. मागच्या काचेतून तिचं डोकं दिसत होतं, पदर घेतलेलं, ताठ. ते वळलं नाही.

जीप दिसेनाशी झाली तरी छबुबाई रस्त्यावरच उभी होती. आता ही बाई मरेपर्यंत आपल्याला शिव्याशाप देणार, चार नातेवाइकांत सांगत सुटणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"दे," ती रस्त्याला म्हणाली, "खुशाल दे शिव्या, आक्का. त्याच्यासाठी तरी जग."

ऐकायला तिथं कुणी नव्हतं.