इंग्रजी शिकलेलं पाणी

हैदराबादेतल्या काचीगुड्याच्या एकनाथरावांचं सगळं शिक्षण उर्दूत झालेलं. पाढे उर्दूत, भूमिती उर्दूत, आणि तेलगिरणीत यंत्रांचे नकाशे काढायला लागले तेही उर्दूत. माणूस घरात मराठी, पण हात उजवीकडून डावीकडे पळणारा. मराठी वर्तमानपत्रसुद्धा मागल्या पानावरून उघडायचे. तारामतीबाई, म्हणजे बायको, म्हणायच्या, "आधी मेलेल्यांची खबर, मग देशाची!"

मग पोलीस ॲक्शन झाली, निजामी गेली, आणि गिरणीत मुंबईहून हिम्मतराव नावाचे नवे मॅनेजर आले. त्यांनी एकनाथरावांना समोर उभं करून सांगितलं, "यापुढे नकाशे इंग्रजीत. नव्या कूलरचा जमला तर राहा, नाही तर दुसरीकडे बघा."

"हौ साहेब," एकनाथराव म्हणाले, आणि घरी येऊन आडवेच झाले. "अगं, ए-बी-सी-डी येते मला. पण झेडपासून."

"मग उलटे झोपा, म्हणजे सरळ येईल," तारामतीबाई म्हणाल्या.

कूलर म्हणजे काय, तर आडवं निजवलेलं लोखंडी पिंप, पोटात पितळी नळ्यांची जुडी. नळ्यांतून विहिरीचं गार पाणी, नळ्यांभोवतीनं कढत शेंगदाणा तेल. दोघं एकमेकांना शिवत नाहीत, पण पितळेच्या आडून तेलाची उष्णता पाणी घेऊन जातं. जुना कूलर गंजला होता. नवा बसायचा तो एकनाथरावांच्या नकाशावरून.

जुन्या नकाशात तेल उजवीकडून शिरायचं. एकनाथरावांनी ते डावीकडून सोडलं, इंग्रजीच ना! मग पाण्याचा बाण बघितला, तर तो आधीपासूनच डावीकडून उजवीकडे. "वाहवा! हे तर आधीच इंग्रजी शिकून बसलंय," म्हणत त्याला हातच लावला नाही.

कूलर बसला. तेल भरलं, डबे डाख देऊन बंद केले. सकाळी बघतात तो काय, डब्यांचे गाल आत! बोळक्या म्हातारीसारखे. तेल गरमच भरलं गेलं होतं, आणि निवताना त्यानं पत्रा आत ओढला होता.

हिम्मतराव फिटरवर, हणमंतरावांवर उखडले. "कसा बसवलास कूलर?"

"नकाशाबरहुकूम, साहेब."

एकनाथरावांनी गुपचूप पिंपाच्या दोन्ही टोकांना हात लावून पाहिला. एका टोकाला तेल-पाणी दोघं शिरत होते, दुसऱ्या टोकाला दोघंही सारखेच गरम निघत होते. बाहेर पडणाऱ्या तेलाला भेटायला हवं ताजं गार पाणी, आणि भेटत होतं कोण? त्याच्याच संगतीत तापलेलं! गप्प राहिलं तर नोकरी वाचत होती, पण हणमंतरावांची जात होती.

"साहेब, त्यांना नक्को बोलू. गाढव मी आहे. सगळं राज्य एका दिशेनं निघालं, तर मी तेल-पाणीही एकाच दिशेनं धाडलं."

हिम्मतरावांनी विचारलं, "मग आता?"

"पाणी दुसऱ्या टोकानं सोडू. बिचाऱ्याला परत उर्दू शिकवतो."

हिम्मतरावांना हसू दाबता येईना. हणमंतरावांनी पाण्याचे पाइप बदलले, आणि पुढचे डबे चांगले गुबगुबीत राहिले. एकनाथरावांची नोकरी राहिली, वर एक पोचे आलेला डबा साहेबांकडून भेट.

तारामतीबाई त्यात ज्वारी भरायच्या. पाहुणा आला की एकनाथराव स्वतः डबा पुढं आणायचे. "हे माझं पहिलं इंग्रजी काम. गाल बघा. इंग्रजी वाचताना माझेही अस्सेच होतात."