डब्याचं पेडल

पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यात तो झाकणं कापायच्या प्रेसवर होता, म्हणून आम्ही त्याला डब्या म्हणायचो. त्याची बायकोही तेच म्हणायची. आमच्या बँडमध्ये तो बास गिटार वाजवायचा. मी गाणी लिहायचो.

बास वाजवणाऱ्याकडे कोणी बघत नाही. डब्याची त्याबद्दल कधी तक्रार नव्हती. त्याने हट्ट केला तो एकदाच. आमच्या नव्या गाण्याची सुरुवात एकट्या बासने होणार होती आणि ती त्याला पत्रा फाटतो तशा आवाजात हवी होती.

"नुसता घोगरा नको," तो म्हणायचा. "घोगरा साध्या ओव्हरड्राइव्ह पेडलनेही होतो. मला फाटलेला हवाय. पण पोट शाबूत ठेवून."

पोट म्हणजे खालचा जाड आवाज. गिटारचं डिस्टॉर्शन पेडल, म्हणजे आवाज फाडणारी पायाखालची डबी, बासला लावलं की आवाज फाटतो खरा, पण बहुतेक वेळा पोट गायब होतं. म्हणून मूळ साधा आवाज थोडा परत मिसळणारा नॉब असलेलं पेडल शोधावं लागतं. रेकॉर्डिंग जवळ आलं होतं. डब्या पेडल आणायचा, आठवडाभर वाजवायचा, परत करायचा.

"मेलेलं आहे. रजईखालून आल्यासारखा आवाज येतो."

तालमीत ड्रमवाला मात्र कान झाकून घ्यायचा. "अरे, हा रजईखालचा आवाज? तू बास वाजवतोयस की माझी दाढ कोरतोयस?"

"तू बोलू नकोस. पिंप बडवणाऱ्याला काय कळतंय?"

आम्ही हसायचो. त्याच्या घरीही हसायचो. वहिनी स्वयंपाकघरातून हाका मारून थकायची आणि मग दारात येऊन उभी राहायची.

"सोयीचं बहिरेपण आहे हो भावजी. कारखान्यातून फुकट मिळतं."

कारखान्यातून कानात घालायचे बोळेही फुकट मिळायचे. ते त्याच्या खिशात असायचे. प्रेसचं पातं बोथट व्हायला लागलं की तिचा सूर बदलतो. बोळे घातले तर ते कळत नाही आणि ढीगभर झाकणं भंगारात जातात. डब्याची झाकणं सहसा भंगारात जात नसत. साहेब इतरांना त्याचं उदाहरण द्यायचे.

त्या शनिवारी मी त्याच्याबरोबर वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकानदार काका काउंटरवरून म्हणाले, "या. आज कोणाचं प्रेत आणलंय?"

डब्याने पेडल ठेवलं. काकांनी ते स्वतः वाजवून बघितलं. मग कपाटातून एक नवं काढलं, जोडलं आणि त्याच्यासमोर खाली बसले.

"डोळे मिट आणि वाजव. नॉब मी फिरवतो."

डब्या वाजवू लागला. काकांनी टोनचा, म्हणजे वरच्या चिरक्या आवाजाचा, नॉब हळूहळू उजवीकडे नेला. आवाज चिरत गेला. मी नकळत मागे सरकलो. दाराशी उभं असलेलं गिऱ्हाईक बाहेर निघून गेलं.

"काय वाटतं?"

"तसंच आहे."

काकांनी नॉब पार डावीकडे आणला. सगळा चरचराट विझला.

"आता?"

"तसंच. नॉब खराब आहे, काका."

काकांनी साध्या आवाजाचा नॉब किंचित कमी केला. डब्याने ताबडतोब डोळे उघडले.

"पोट कुठे गेलं?"

काकांनी ते परत आणलं. मग अ‍ॅम्प बंद केला. "प्रेसवर किती वर्षं झाली रे तुला?"

डब्याने माझ्याकडे बघितलं.

"नॉब फिरत होता?"

"हो."

"आवाज बदलत होता?"

"हो."

"किती?"

मी भिंतीवरच्या गिटारींकडे बघत राहिलो. "खूप," म्हणालो.

तो थोडा वेळ तारांवरून बोट फिरवत बसला. मग म्हणाला, "काका, लावा परत. तू बस इथे. पत्रा फाटतोय असं वाटेल तिथे थांब."

तो वाजवत होता, मी नॉब फिरवत होतो. एका जागी थांबलो. काकांनी त्यावर चिकटपट्टी लावली.

रेकॉर्डिंग झालं. ऐकताना ड्रमवाला उठून उभा राहिला. "डब्या, हाच की रे! हाच तो!"

डब्या कानांवर हेडफोन लावून आमचे चेहरे बघत होता. एकेकाचा.

"फाटलाय ना?"

"फाटलाय," मी म्हणालो.

"पोट शाबूत आहे. ते येतंय मला ऐकू."

कानाचे डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही. आहे ते जपा. कारखान्याने त्याला पॅकिंगला टाकलं. त्याने बँड सोडला. पेडल तालमीच्या खोलीत आहे, चिकटपट्टीसकट. नवा पोरगा बरा वाजवतो.

परवा त्याच्या घरी गेलो. वहिनीने दार उघडलं. डब्या खाटेच्या कडेला पाठमोरा बसला होता. बास कशालाही जोडलेली नव्हती. त्याने हनुवटी तिच्या लाकडावर घट्ट टेकवली होती आणि अगदी सावकाश, जाड तार छेडत होता.

"दाढ दुखत असल्यासारखा बसतो," वहिनी म्हणाली. तिने हाक मारली नाही. जवळ जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवायला निघाली. मी तिला थांबवलं.

दारातून मला ते जेमतेम ऐकू येत होतं. त्याला हनुवटीतून येत असावं.